शाईच्या रेघेतलं वजन

माणसाचं स्केच दाखवलं की समोरचा आधी तोंड बघतो. डोळे जमलेत का, नाक तसंच आलंय का, ओळखू येतोय का. आपल्या कोल्हापुरात तर हे जरा जास्तच, कारण गावच चित्रकारांचं, आबालाल रहमान, बाबूराव पेंटर, चंद्रकांत मांडरे ही नावं ऐकत मोठी झालेली माणसं आपण, प्रत्येक पेठेत कुणीतरी कलानिकेतनला नाहीतर दळवीजला, म्हणजे इथल्या चित्रकलेच्या संस्थांत, शिकलेलं निघतंच, आणि चांगलं चित्र म्हणजे हुबेहूब चित्र हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पेन आणि शाईनं काढलेली फिगर, म्हणजे माणसाची आकृती, वेगळ्या रस्त्यानं बोलते असं मला गेली बरीच वर्षं वाटत आलंय आणि आज ते सविस्तर लिहायचंच असं ठरवून बसलोय.

माझं म्हणणं एवढंच की शाईच्या फिगरमधला भाव तोंडात नसतो, तो वजनात असतो. माणूस कुठल्या पायावर उभा आहे, कंबर कुठं कललीय, मान खांद्यात किती रुतलीय, हातातल्या पिशवीनं एक बाजू किती ओढलीय, हे बरोबर आलं की तोंडाच्या जागी दोन टिंबं असली तरी तो माणूस दमलेला आहे की उतावीळ आहे की नुसता कुणाची तरी वाट बघत थांबलाय हे लगेच कळतं. आणि हे उलट्या बाजूनंही खरं आहे, तोंड अगदी सुंदर काढलं आणि खालचं शरीर हवेत तरंगतंय तर ते चित्र काहीच सांगत नाही.

आता वजन तर पेन्सिलीनं पण काढता येतं, चारकोलनं पण येतं, मग शाईच का. कारण शाईची रेघ स्वतःच दाबानं तयार होते. टाकाची निब एकदा जवळून बघा, मधोमध एक चीर असते, चीर जिथं संपते तिथं एक बारीक भोक असतं. दाब दिला की चिरेच्या दोन्ही बाजूची पाती फाकतात, शाई जास्त उतरते, रेघ जाड होते. दाब सोडला की पाती परत जुळतात आणि रेघ बारीक होते. खाली ओढताना हे सगळं सुरळीत होतं, वर ढकलताना टोक कागदात अडकतं आणि शाई उडते, त्यामुळे हाताला आपोआप दिशा लागते. म्हणजे मी जिथं हात जड केला तिथं कागदावर जडपणा दिसतोच दिसतो, लपवता येत नाही. पेन्सिलीत मी चार हलक्या रेघा मारून त्यातली एक निवडू शकतो, बाकीच्या खोडू शकतो. शाईत निवड आधी करावी लागते, डोळ्यानं आणि खांद्यानं, आणि मग रेघ येते. बघणारा ते ठरवणं बघत असतो. रेघ कुठं बिचकली, कुठं धाडसानं गेली, कुठं हात उचलला, हे तीनशे वर्षांनी पण वाचता येतं.

तालमीत बसून काढताना मला हे सगळ्यात नीट समजलं. गंगावेश भागात सकाळी लवकर गेलं की पोरं जोर-बैठका मारत असतात, हौद्यातली तांबडी माती उकरून सारखी केलेली असते, उजेड वरच्या झरोक्यातून येणारा, एकाच बाजूनं. स्केचिंगसाठी याच्याइतकी चांगली जागा नाही, कारण एकतर अंगावर कपडे नाहीत, शरीर कसं काम करतंय ते उघडं दिसतं, आणि दुसरं म्हणजे तीच हालचाल परत परत येते. हलणाऱ्या माणसाला काढायचं कसं असं खूपजण विचारतात, त्याचं उत्तर तिथं आहे, बैठका मारणारा पोरगा खाली जातो वर येतो खाली जातो, पहिल्या काही बैठका नुसत्या बघायच्या, पेनाला हात लावायचा नाही, मग एक जागा ठरवायची, समजा तो अगदी तळाला गेलाय आणि आता वर यायला ताकद लावणार तो क्षण, आणि दर वेळी तो तिथं आला की तेवढंच बघून एकेक रेघ टाकायची. मधल्या वेळात कागदाकडे बघायचं. असं केलं की ती फिगर फोटोसारखी थिजत नाही, तिच्यात खाली जाणं आणि वर येणं दोन्ही राहतं.

एकदा असाच एक पैलवान व्यायाम संपवून भिंतीला तोंड करून उभा होता, अंगाला माती, हात कमरेवर, दम खात. मी पाठमोराच काढला. मोडलेल्या कानापासून सुरू करून मानेवरून, पाठीच्या मधल्या घळीतून, कमरेला वळसा घेऊन डाव्या टाचेपर्यंत एक सलग रेघ, आणि टाचेपाशी पेन दाबून थांबलो, तिथं शाई थोडी साठली. उजवा पाय नुसत्या दोन तुटक रेघांत, जमिनीला टेकलाय न टेकलाय असा. वस्ताद मागून आले, वही हातातून घेतली, हात लांब करून धरली.

"तोंड काढलं न्हाईस व्हय रं?"

"न्हाई वस्ताद, पाठच काढली."

जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्यो मुरगूडकडचा पोरगा. उजवा गुडघा अजून राखतोय बघ."

मला त्या पोराचं नाव माहीत नव्हतं, गुडघ्याचं तर अजिबातच नाही. मला फक्त एवढं दिसलं होतं की सगळा भार डाव्या टाचेत उतरलाय. वस्तादांनी आयुष्यभर माणसांचं वजन कुठं जातंय तेच बघितलंय, कुस्तीत दुसरं असतं तरी काय, समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे हे ज्याला आधी कळलं त्याचा डाव बसतो. त्यांना ते कागदावर पण दिसलं. कॉलेजातल्या कुठल्याही परीक्षकापेक्षा मला त्यांचं बघणं मोठं वाटतं हे मी अगदी खरं सांगतोय.

ज्यांना हे शिकायचंय त्यांच्यासाठी थोडं शरीराचं गणित. माणूस दोन्ही पायांवर सारखा भार देऊन क्वचितच उभा राहतो, परेडमध्ये किंवा फोटोत तेवढा राहतो. एरवी एका पायावर भार जातो, आणि ज्या पायावर भार त्या बाजूचा खुबा वर जातो, त्याच बाजूचा खांदा खाली येतो, म्हणजे खांद्यांची रेघ आणि कमरेची रेघ एकमेकींच्या उलट कलतात आणि मधला कणा वळसा घेऊन दोघींना सांभाळतो. अशा वेळी गळ्याच्या खळगीतून मनातल्या मनात ओळंबा सोडला तर तो भार असलेल्या पायाच्या घोट्यापाशी उतरतो. नाही उतरला तर माणूस एकतर चालतोय, नाहीतर कशाला तरी टेकलाय, नाहीतर पडतोय. हे एवढं तपासायला दोन सेकंद लागतात आणि त्यावर सगळी फिगर उभी राहते. मी बऱ्याचदा पहिलं टिंब गळ्याच्या खळगीचं आणि दुसरं घोट्याचं टाकतो आणि मगच बाकीचं.

डच चित्रकार रेम्ब्रांटचं एक ड्रॉइंग आहे, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, साधारण १६५६ च्या सुमाराचं, पेन आणि तपकिरी शाई, आकार पोस्टकार्डाएवढाच. एक लेकरू चालायला शिकतंय. दोन बायकांनी दोन्हीकडून त्याला धरलंय, एक तरुण, एक तिच्याहून मोठी, समोर एक पुरुष खाली बसून हात पसरून त्याला बोलावतोय, आणि मागून एक दूधवाली बादली घेऊन निघालीय. डेव्हिड हॉकनी हा चित्रकार या ड्रॉइंगवर भरभरून बोललाय, त्याच्या मते आजवरच्या सगळ्यात श्रेष्ठ ड्रॉइंगपैकी हे एक. मी ते स्क्रीनवर मोठं करून कितीतरी वेळा बघितलंय. तोंडं जवळजवळ नाहीतच. पण मोठ्या बाईची पाठ बघा, वाकलेली, आणि ती वाकणं तिला जड जातंय हे त्या ओबडधोबड रेघेत आहे. तरुण बाई तशी वाकलेली नाही, तिला वाकणं सोपं आहे. आणि ती दूधवाली! तिचं या गोष्टीशी काही देणंघेणं नाही, ती आपली चाललीय, पण एका हातात बादली आहे आणि दुसरा हात तिनं बाजूला ताठ लांब केलाय, त्या लांब केलेल्या हातावरून बादली भरलेली आहे हे कळतं. बादलीत दूध काढलेलंच नाही. बादली भरलीय हे हातानं सांगितलं.

हे बघितल्यावर मी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर जाऊन बसायला लागलो. कोल्हापूरबाहेरच्यांना सांगतो, आमच्याकडे म्हशी तिथंच उभ्या असतात, समोर धार काढतात आणि लोक उभ्याउभ्या धारोष्ण दूध पितात, फेसासकट. तिथं बादली घेऊन चालणारा माणूस दर दोन मिनिटांनी समोरून जातो. आणि रेम्ब्रांटच्या दूधवालीचा तो हात तिथं रोज दिसतो, साडेतीनशे वर्षांनी, सात समुद्र पलीकडे. रिकामी बादली नेणारा हात हलवत चालतो, दोन्ही खांदे सारखे, पावलं लांब. भरलेली नेणारा बादलीकडचा खांदा खाली घालतो पण शरीर उलट्या बाजूला कलवतो, मोकळा हात बाहेर फेकतो, आणि पावलं आखूड टाकतो कारण दूध हिंदकळायला नको. धार काढायला बसलेल्याची गोष्ट अजून वेगळी, बादली दोन गुडघ्यांत धरलेली, कपाळ म्हशीच्या पोटाशी, आणि कोपरापासून पुढचा हात सोडून बाकी सगळं स्थिर. तिथं मी कोपरापर्यंत जाड रेघ वापरतो आणि मनगटं बारीक, तुटक, कारण जे हलतंय त्याची कड नक्की नसते. नक्की कड काढली की हात थांबतो. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, कट्ट्यावर बसूनच कळली.

तुटक रेघेवरून आठवलं. रेघ सोडणं ही शाईतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. कपिलतीर्थ मार्केटमध्ये भाजी घेऊन बसलेल्या मावश्या काढताना सुरुवातीला मोह होतो की सगळं काढावं, पदर, निऱ्या, पाट्या, कोथिंबिरीच्या जुड्या, तराजू. पण बसलेल्या बाईचं वजन तीन ठिकाणी असतं, बूड जिथं टेकलंय तिथं, उभ्या केलेल्या गुडघ्यावर जिथं कोपर टेकलंय तिथं, आणि हनुवटी जिथं तळहातावर आहे तिथं. या तीन जागी साडीच्या चुण्या पण गोळा झालेल्या असतात, म्हणजे कापडच आपल्याला सांगत असतं की बघ इथं ताण आहे, इथं दाब आहे. तेवढ्या तीन जागी शाई द्यायची आणि पाठीची कड सोडून द्यायची, नुसता पांढरा कागद. बघणारा ती पाठ स्वतः पूर्ण करतो. आणि उन्हात बसलेली असेल तर ती सोडलेली कड म्हणजे ऊनच होतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना बसलेली मावशी आणि संध्याकाळी पाटी अर्धी रिकामी झालेली असताना बसलेली मावशी यात कोपराच्या त्या एका कोनाचा फरक असतो. तोंड दोन्ही वेळी पदरात अर्धं झाकलेलंच.

(आणि हो, काढताना कुणी हटकलं तर वही लगेच दाखवायची. "माझं काय काढाय लागलाईस?" असं जरा चढ्या आवाजात आलेलं वाक्य बहुतेक वेळा "बघू, दाखव की" वर संपतं. नको म्हणाली तर पान बंद, वाद घालायचा नाही, तिचं शरीर आहे, तिचा धंदा चालू आहे.)

बोरूबद्दल लिहायलाच पाहिजे. आपल्याकडे मोडी लिहायला बोरू वापरायचे, करवीर संस्थानचे मोडी कागद इथल्या पुराभिलेखागारात गठ्ठ्यांनी आहेत, आणि त्या अक्षरांतली जाडबारीक लय बघितली की वाटतं हे लोक जवळजवळ चित्रच काढत होते. काजळ आणि डिंकाची शाई, वेताची नाहीतर बोरूची तासलेली काडी, बस. आणि तीच काडी व्हॅन गॉगनं १८८८ साली फ्रान्सच्या दक्षिणेला आर्लमध्ये उचलली, तिथं बोरू भरपूर उगवायचे, तो स्वतः तासून वापरायचा. त्यानं पोस्टातल्या जोसेफ रूलँचं जे ड्रॉइंग त्या वर्षी केलं त्यात तर तोंड आहे, पूर्ण तोंड आहे, तरी मी म्हणेन की त्यात पण भाव आला तो रेघेच्या जातीमुळे. बोरूत शाई फार राहत नाही, लगेच संपते, त्यामुळे रेघा आखूड पडतात, सुरुवातीला ओल्या नि बोथट, शेवटी कोरड्या. अशा आखूड रेघांनी दाढी, कोट, मागची भिंत सगळंच भरलंय आणि प्रत्येक जागी रेघेची दिशा वेगळी, त्यामुळे माणूस नुसता बसलेला असूनही आतून धगधगतोय असं वाटतं. साधनाची मर्यादा आणि माणसाचा स्वभाव एकमेकांत इतके मिसळलेत की वेगळे काढता येत नाहीत. बोरू रंकाळ्याच्या कडेला किंवा पंचगंगेच्या काठी मिळेल अशा कुठल्याही पोकळ काडीचा करून बघा, धारदार कटरनं तिरका काप, टोक सपाट, मधे चीर. पहिल्या पाच मिनिटांत कळेल की हात कसा बदलतो.

ज्यांना शाईचं स्केच म्हणजे छान टिपलेला प्रसंग, मासिकाच्या पानाची शोभा असं वाटतं त्यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातली ड्रॉइंग्ज बघावीत. झैनुल आबेदिन यांनी ब्रशनं, काळ्या शाईनं, साध्या स्वस्त कागदावर रस्त्यावर मरायला टेकलेली माणसं काढली. चित्तप्रसाद मिदनापूरच्या गावागावांतून फिरले, काढलं आणि सोबत लिहिलं, त्यांची ती पुस्तिका ब्रिटिश सरकारनं जप्त करून नष्ट केली. आबेदिन यांच्या चित्रात मला सगळ्यात जास्त हलवतं ते हे की तिथल्या माणसांना वजनच राहिलेलं नाही. कोरड्या ब्रशचा एकच फटकारा, मधे मधे कागद दिसणारा, त्यात बरगड्या, पाठ, नडग्या, जमिनीवर भार असा पडतच नाही. मी वर जे म्हणालो की भाव वजनात असतो, त्याची ही दुसरी, भयानक बाजू. शेजारी कावळा काढलाय तो मात्र गच्च काळा, जाडजूड, पायांवर नीट उभा. एवढ्यानंच सगळं सांगून होतं, डोळ्यात पाणी काढायची गरज पडलेली नाही.

आता कुणी म्हणेल की एकसारख्या जाडीच्या रेघेनं काढणारे पण मोठे चित्रकार आहेत, त्यांचं काय. बरोबर आहे. के. के. हेब्बार यांची नर्तकांची रेखाचित्रं घ्या, दाब फारसा बदलत नाही, रेघ नुसती वाहते, दोनचार वळणांत अख्खं शरीर. पण हेब्बार कथक शिकले होते, त्यांना गिरकी घेताना भार टाचेवर असतो की चवड्यावर हे स्वतःच्या पायानं माहीत होतं, म्हणून ती रेघ कितीही हलकी असली तरी बरोबर जागी वळते. तिथं वजन जाडीत नाही, वळणात आहे. आणि आपले वसंत सरवटे, जन्म कोल्हापूरचाच, १९२७ चा, पेशानं सिव्हिल इंजिनियर. पुलंच्या पुस्तकांमधली त्यांची माणसं आठवा. पोट पुढं काढून उभा असलेला गृहस्थ, खुर्चीच्या नुसत्या कडेवर टेकलेला गरजू पाहुणा, यांची तोंडं झाकून बघा, मी असं कागदाचा तुकडा ठेवून खरंच करून बघितलंय, तरी कोण कुणापुढे दबलाय आणि कोण निवांत आहे ते समजतं. इंजिनियर माणसाला भार कुठून कुठं उतरतो याचं वेगळं भान असेल असं मला उगीच वाटत राहतं. बाबूराव पेंटर सिनेमा काढताना पात्रांचे कपडे आणि हालचाली आधी कागदावर काढून घ्यायचे म्हणतात, म्हणजे अंगविक्षेप आधी, कॅमेरा नंतर. गावाला ही नजर नवीन नाही.

शेडिंगबद्दल माझं मत जरा कडक आहे. क्रॉस हॅचिंग, म्हणजे रेघांवर आडव्या रेघांची जाळी, हे सोशल मीडियावर खूप चालतं, कारण त्यात मेहनत दिसते. ड्यूरर, मायकेलअँजेलो यांनी पण जाळी वापरली पण त्यांच्या रेघा स्नायूच्या गोलाईवरून फिरतात, मांडीवर मांडीसारख्या वळतात, दंडावर दंडासारख्या. गोलाई न बघता सगळीकडे पंचेचाळीस अंशात जाळी मारली की पांढऱ्या रश्श्यात तांबडा ओतल्यासारखं होतं, दोन्हीची चव गेली. कागदाचा पांढरा पण गेला आणि रेघेचा जोर पण गेला. मी सावली टाकतो ती फक्त दोन कारणांसाठी, एक शरीर जिथं जमिनीला टेकतं तिथं, आणि दोन एक अवयव दुसऱ्यामागे जातो तिथं. पायाखालची सावलीची एक छोटी आडवी रेघ नसेल तर उत्तम काढलेली फिगर पण हवेत राहते, आणि ती एक रेघ असेल तर साधी फिगर पण उभी राहते. बाकी उजेडाचा खेळ पेंटिंगमध्ये करा, तिथं तो शोभतो.

सामानाचं थोडक्यात. ड्रॉइंग इंक, म्हणजे वॉटरप्रूफ काळी, ती फाउंटन पेनमध्ये कधीच घालायची नाही, त्यात बहुतेक वेळा लाख असते, आत वाळली की पेन गेलं. ती टाकासाठी आणि ब्रशसाठी. आपल्या कॅमलची चालते, छान काळी आहे. बाहेर बसून काढायला फाउंटन पेन आणि त्याचीच शाई, किंवा टोक वाकवलेल्या निबचं फुडे पेन मिळतं हल्ली, त्यात पेन तिरकं-उभं केलं की रेघ जाडबारीक होते, तालमीत दौत सांभाळत बसण्यापेक्षा ते सोयीचं. जुन्या चित्रांत जी तपकिरी शाई दिसते तिच्यातली बरीचशी मायफळ आणि हिराकस यांची, लिहिताना फिकी असते, हवा लागली की काळी होते आणि पुढं वर्षानुवर्षांनी तपकिरी पडते, आणि जास्त तीव्र झाली तर कागद खाते. हल्ली मी घरी थोडी करून बघतोय, रंग देखणा येतो पण चांगल्या पेनात घालायचं धाडस करू नका. कागद गुळगुळीत हवा, नाहीतर शाई फुटते आणि बारीक रेघ हातची जाते, साधा जाड कार्ट्रिज पेपर आधी कोपऱ्यात एक रेघ मारून तपासून घ्या. महाग वही घेऊन घाबरत काढण्यापेक्षा प्रेसमधून कापलेल्या कागदाचे गठ्ठे आणून बिनधास्त काढलेलं बरं. हात मोकळा असला तरच दाब खरा येतो.

सध्या मी मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला जातोय. तीसेक किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, उचलणारे हमाल काढायचेत आणि ते अजून मनासारखं होत नाहीये, कारण उचलण्यात तीन वेगवेगळे माणूस असतात. वाकून रव्याखाली हात घालतानाचा, ज्याचं वजन अजून स्वतःचंच आहे. मग झटका देऊन तो छातीशी घेतानाचा, तिथं क्षणभर ओळंबा कुठंच लागत नाही, तो माणूस आणि रवा मिळून एक होतात आणि दोघांचा मिळून एक भार दोन्ही पावलांच्या मधे पडतो. आणि मग खांद्यावर ठेवून चालायला लागल्यावरचा, मान एका बाजूला, दुसरा हात कमरेवर. पहिला आणि तिसरा येतात. मधला नीट येत नाही, कारण तो एवढा थोडा वेळ असतो की डोळा मागे राहतो. तिथं बैठकांसारखं परत परत येणारं असलं तरी प्रत्येक हमालाची उचलायची तऱ्हा वेगळी, त्यामुळे एकाचं बघून दुसऱ्याचं पूर्ण करता येत नाही. एका हमालदादांनी सांगितलं की मधल्या झटक्यात ते श्वास सोडत नाहीत, पोट गच्च धरतात, तेव्हापासून मी पाठीऐवजी पोटाची कड जाड करून बघतोय, मांडीपासून वर आणि बरगडीशी सोडून द्यायची. थोडा फरक पडलाय. कुणाला यायचं असेल तर सौदे सकाळी असतात, वॉटरप्रूफ शाई आणा आणि हाताखाली धरायला एक जादा कागद, गुळाचा चिकटा वहीला लागला की पानं एकमेकांना चिकटतात.